मैदानावरची बॅच: एका जिमवालीचे अकरा महिने

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 ला, रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती. आमच्या जिमच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. त्याच्या मालकाला फोन करून एका सकाळपुरता तो मागून घेतला आणि गल्लीतल्या ग्रुपवर निरोप टाकला: साडेसहाला सूर्यनमस्कार, फी नाही, सतरंजी आपापली आणा. वीसेक जण येतील असा अंदाज होता. आले सत्तेचाळीस. त्यातले माझ्या जिमचे सभासद फक्त नऊ. बाकीचे कोण, तर सात वर्षं मी ज्यांच्या दारावरून रोज स्कूटर नेते ती माणसं. पंजाबी ड्रेसखाली मुलीचे बूट घालून आलेल्या बायका, बँकेतून निवृत्त झालेले दोन काका, एक आजी तर साडीचा पदर खोचून बारा नमस्कार पुरे करून गेल्या.

जाताना एक मावशी म्हणाल्या, "तुझ्या जिमला यायचं कितीदा मनात आलं गं. पण ते आरसे, ती तरणी पोरं आणि तो जिना."

आरशांवर मी बासष्ट हजार रुपये घातले होते.

त्या दिवसापासून मैदानावरची बॅच डोक्यात बसली. ती कायद्याने, कागदावर आणि पदरचे पैसे न बुडवता सुरू व्हायला जे काही करावं लागलं ते इथे लिहिते आहे. माझ्यासारखी लहान जिम चालवणारे बरेच जण हे करायचं म्हणतात आणि पहिल्या खिडकीवरूनच परततात. शहराचं नाव लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं महापालिकेचं गाव आहे एवढं पुरे. ज्या कार्यालयांत खेटे घातले तिथे मला उद्याही जायचं आहे.

आधी थोडं जिमबद्दल. पहिला मजला, अठराशे चौरस फूट, 2018 पासून. टाळेबंदीत मार्चपासून बंद पडलेली जिम 2020 च्या दसऱ्याला उघडली तेव्हा भाडं थकलेलं होतं आणि सभासद निम्मे. तेव्हाही बाहेर मैदानात वर्ग घ्यायचं सुचलं नाही, याचं आता नवल वाटतं. आणखी एक गोष्ट, जी जिमवाले उघड बोलत नाहीत: जिम न येणाऱ्यांवर चालते. माझ्याकडे एकशे साठ सभासद आहेत, रोज येणारे साठ-पासष्ट. सगळे एकदम आले तर उभं राहायला जागा नाही. जानेवारीत वर्षाचे पैसे भरून होळीनंतर न दिसणाऱ्यांच्या जिवावर माझं वीजबिल निघतं. मैदानात हे गणित चालत नाही. तिथे फी महिन्याची, आणि जो येत नाही तो पुढच्या महिन्यात भरत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी कागदावर जो नफा मांडला तो मांडला नसता.

मैदान निवडायला वेळ लागला नाही. जिमपासून सहाशे मीटरवर महापालिकेचं एक आहे, भोवती चालायचा ट्रॅक, एका कोपऱ्यात कडुनिंबाची चार झाडं. प्रश्न होता तो मैदान नेमकं कुणाच्या ताब्यात आहे हा. 18 फेब्रुवारीला अर्ज घेऊन उद्यान विभागात गेले. "हे उद्यान नाही, मैदान आहे. क्रीडा विभागात जा." क्रीडा विभागात: "आम्ही स्पर्धांना देतो. तुम्ही फी घेणार, म्हणजे व्यावसायिक वापर झाला. मालमत्ता विभाग." मालमत्ता विभागातले लिपिक भले होते, त्यांनी बसवून सांगितलं की अर्ज त्यांच्याकडेच द्यायचा, पण अभिप्राय क्रीडा विभागाचा लागेल, आणि मैदानात झाडं असल्यामुळे उद्यान विभागाचाही. म्हणजे ज्या दोन दारांतून मला परत पाठवलं होतं त्याच दारांत माझा कागद सरकारी वाटेने जाणार होता.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र बरोबर केली. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. पुढचे दोन महिने "तुमचा अर्ज कधीचा?" या प्रश्नाला तोंडाने उत्तर द्यावं लागलं नाही. अर्जाला काय काय जोडलं तेही सांगते: आधार, पॅन, शॉप ॲक्टची पावती (तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना देऊन मिळायची तीच), उद्यमची (म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेली) नोंदणी, जिमचा भाडेकरार, माझं आणि ट्रेनरचं प्रमाणपत्र, आणि मैदानाचा हाताने काढलेला नकाशा. नकाशात आमचा कोपरा लाल पेनने दाखवला होता, मापं पावलांनी मोजून फुटांत लिहिली होती. तो नकाशा पुढे फार उपयोगी पडला.

बाहेर चहाच्या गाडीवर एका अनुभवी गृहस्थांनी सल्ला दिला, "मोफत योगवर्ग असं लिहा ताई, आठवड्यात मिळेल. फी काय, हळूच घ्यायची." मोह झाला. पण मला हे एका उन्हाळ्यापुरतं करायचं नव्हतं. अर्जात सरळ लिहिलं: सशुल्क, महिना एक हजार रुपये, कमाल चाळीस व्यक्ती, सोमवार ते शुक्रवार, सकाळी पावणेसहा ते पावणेसात.

मग मार्च आला. मार्चएण्डला महापालिकेत नवा कागद कुणी वाचत नाही, सगळे बिलांमागे असतात. तेव्हा नगरसेवकही नव्हते, निवडणुका रखडलेल्या, कारभार प्रशासकांकडे. एका माजी नगरसेवकांनी आपणहून निरोप पाठवला की काम करून देतो, उद्घाटनाला मोठा फलक लागेल, फोटो ते देतील. मी नम्रपणे वेळ मारून नेली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज लिहून, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून पर्समध्ये ठेवला, पण द्यावा लागला नाही. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, बाराच्या सुमाराला जायचं असा नेम ठेवला. सकाळी साहेब येतात आणि जेवणानंतर साहेब मीटिंगला जातात. भांडले नाही. एकदाच डोळ्यांत पाणी आलं. क्रीडा विभागाचा अभिप्राय येऊनही उद्यान विभागात फाइल "सापडत नाही" म्हणाले होते, आणि ती टेबलावरच होती, वर पाण्याची बाटली ठेवलेली.

28 एप्रिलला पत्र हातात पडलं. एकोणसत्तर दिवस. परवानगी तीन महिन्यांची, शुल्क महिना तीन हजार अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे तिमाहीचे 10,620 रुपये आगाऊ चलनाने, अनामत दहा हजार. अटी अशा: ध्वनिक्षेपक नाही, फलक नाही, खांब-मंडप काही रोवायचं नाही, इतर नागरिकांना अडथळा नाही, कचरा आढळल्यास अनामतीतून कापणार. आणि या अटी मान्य असल्याचं हमीपत्र. ते पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर मागितलं. शंभरचा घेऊन गेले होते, तो 2024 च्या ऑक्टोबरपासून असल्या कामाला चालत नाही, हे तिथे गेल्यावर कळलं. नोटरीचे वेगळे दीडशे.

ध्वनिक्षेपकाची अट वाचून माझा ट्रेनर हिरमुसला. त्याच्याकडे गाण्यांची यादी तयार होती. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि आमची बॅच पावणेसहाची. म्हणजे पहिली पंधरा मिनिटं तशीही बेकायदा. सहानंतरही परवानगी वेगळी लागते, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रेकॉर्ड केलेली गाणी धंद्यात वाजवायची तर त्याचा परवाना वेगळा. एवढं सगळं करण्यापेक्षा शिट्टी बरी, असं ठरवलं. शिट्टीचं पुढे काय झालं ते येतंच आहे.

या सगळ्यात विमा जवळजवळ राहूनच गेला होता. जिमची पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त होते. एजंटला सहज विचारलं तर म्हणाला, "ताई, पॉलिसीवर पत्ता जिमचा आहे. मैदानात कुणी पडलं तर ही उपयोगाची नाही." मैदानाचा पत्ता आणि वेळ घालून वाढीव कागद करून घेतला, 4,900 रुपये. तुमची पॉलिसी असेल तर आज रात्री काढून पत्त्याची ओळ वाचा.

सामान: तीस मॅट प्रत्येकी 380 प्रमाणे 11,400, रबरी बँड, कोन आणि प्रथमोपचार पेटी मिळून 5,300, रक्तदाबाचं चांगलं यंत्र 2,100. वजनं विकत घेतली नाहीत. खाद्यतेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन प्रत्येकाला घरून आणायला सांगितले. पाण्याने भरला की पाच किलो, अर्धा भरला की अडीच, आणि वर्ग झाला की ते पाणी कडुनिंबाला. अनामत आणि शुल्क धरून पहिला रुपया यायच्या आधी 44,970 रुपये गेले होते.

5 मे, सोमवार. तेवीस जणांनी पैसे भरले होते. हात थरथरत होते, जिम उघडली तेव्हाही इतकी घाबरले नव्हते. जिममध्ये दार आपलं असतं. इथे चहूबाजूंनी लोक बघत होते.

पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी अंगावर आल्या.

पहिली, सराट्याचे काटे. मैदान उन्हाळ्यात वरून साफ दिसतं, पण मॅट टाकून गुडघे टेकले की कळतं. दुसऱ्या दिवसापासून ट्रेनर आणि मी सव्वापाचला येऊन खराटा मारायला लागलो, आणि मॅटच्या खाली जुनी ताडपत्री.

दुसरी, क्रिकेटचा खड्डा. बॅट टेकून टेकून पोरांनी जो खड्डा पाडलेला असतो, त्यात बुधवारी एका ताईंचा पाय मुरगळला. बर्फ, क्रेप बँडेज, रिक्षा, क्ष-किरण. हाड शाबूत होतं. त्यांच्या घरी मी दोनदा जाऊन आले. तेव्हापासून वर्गाआधी सगळा कोपरा एकदा अनवाणी चालून बघते. पाय जे शोधतात ते टॉर्चला दिसत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे तक्रार. गुरुवारी, 8 मे ला, मालमत्ता विभागातून फोन आला: ट्रॅकवर चालणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी एकतीस सह्यांचं निवेदन दिलंय. सार्वजनिक मैदानावर खाजगी धंदा, पहाटे शिट्ट्या आणि आरडाओरडा. माझा अर्ज एकोणसत्तर दिवसांत हलला, हे निवेदन तीन दिवसांत. चहाच्या गाडीवरचा सल्ला ऐकला असता तर त्याच दिवशी सामान आवरावं लागलं असतं. निवेदनात पहिलाच मुद्दा होता, "ही बाई पैसे घेते." लिपिकांनी माझा अर्ज काढून त्यांना दाखवला: पैसे घेते असं तिनेच लिहून दिलंय आणि महापालिकेला भाडं भरलंय.

पण कागद आपल्या बाजूने असला म्हणजे रोज सकाळी एकतीस जणांच्या कपाळावरच्या आठ्या बघून वर्ग घेता येतो असं नाही. त्यांच्यात एक नाना आहेत, वय ब्याऐंशी, तरुणपणी तालमीत मेहनत केलेले. बाकीचे त्यांचं ऐकतात. शुक्रवारी वर्गानंतर त्यांच्या बाकावर जाऊन बसले. पहिली दहा मिनिटं ते माझ्याशी बोललेच नाहीत, शेजारच्याशी बोलत राहिले, मला ऐकू जाईल असं. मग म्हणाले, "बावीस वर्षं चालतोय मी इथं. तू पत्र घेतलंस महापालिकेचं. आम्हाला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. मी तीन विभागांचे अभिप्राय घेतले आणि जी माणसं पहाटे पाचपासून त्या मैदानावर असतात त्यांना साधा नमस्कारसुद्धा केला नव्हता. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर अर्ज टाकायच्या आधी पंधरा दिवस मी नुसती त्या ट्रॅकवर चालले असते.

तडजोड अशी ठरली. शिट्टी बंद, कायमची. सहापर्यंत मोठ्याने आकडे मोजायचे नाहीत, हाताने खुणा करायच्या. बाकांच्या बाजूचा कोपरा सोडून आम्ही झाडांच्या पलीकडे सरकलो (लाल पेनचा नकाशा पुन्हा काढला आणि विभागात नेऊन दिला). आणि शनिवारी साडेसहाला अर्धा तास गुडघे-कंबरेचे व्यायाम, कुणीही या, पैसे नाहीत. त्या शनिवारी नाना आले नाहीत. पुढच्या शनिवारी आले ते मला चुका दाखवायला. बैठक मारताना टाच उचलली जाते हे त्यांनी माझ्या ट्रेनरला स्वतः बसून दाखवलं. ट्रेनर अठ्ठावीस वर्षांचा आहे, तो बघतच राहिला.

बायकांच्या सोयीचंही सांगायला हवं, कारण हे कुठल्याच यादीत नसतं. मैदानाला स्वच्छतागृह आहे, पण ते आठला उघडायचं. पहाटे घरून निघालेली बाई पावणेसात वाजेपर्यंत काय करणार? दोन जणींनी दुसऱ्याच आठवड्यात याच कारणाने यायचं सोडलं, आणि कारण मला तिसऱ्याकडून कळलं. पहारेकऱ्याला भेटून साडेपाचला कुलूप उघडायचं ठरवलं. साबण आणि फिनेल आमचं. परवानगीच्या अर्जातच ही विनंती लिहिली असती तर बरं झालं असतं, आता लिहिते.

पैसे भरून घेताना प्रत्येकाकडून सात प्रश्नांचा फॉर्म भरून घेतो: हृदयाचा त्रास, छातीत दुखणं, चक्कर, रक्तदाबाच्या गोळ्या, सांधे, असे. रक्तदाब पहिल्या दिवशी मोजतो. एका काकांचा 168 भरला, त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हटलं तर चारचौघांत अपमान झाला म्हणून रागावून गेले. आठ दिवसांनी चिठ्ठी घेऊन आले, गोळी सुरू झाली होती. तेव्हापासून रक्तदाब रांगेत मोजत नाही, झाडाआड एकेकाला बोलावते. मोबाईलमध्ये 108 आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर ट्रेनरच्या आणि माझ्या दोघांच्याही पहिल्या पानावर आहे.

एवढी घडी बसते तोच पाऊस. माझा सगळा हिशोब 7 जूनच्या मृगावर होता. गेल्या वर्षी मे च्या मध्यापासूनच वळीव झोडपायला लागला आणि 26 मे ला मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. त्याच सकाळी आमच्या कोपऱ्यात घोट्यापर्यंत चिखल होता. काळी माती, एकदा भिजली की बूट सोडत नाही. तीन महिन्यांचं शुल्क भरलेलं, वापर तीन आठवड्यांचा. उरलेल्या पैशांचं विचारलं, लेखी उत्तर आलं की परतावा मिळत नाही. चूक माझी होती. उन्हाळ्याच्या तोंडावर परवानगी मिळाली म्हणून मी लगेच तारीख लावून घेतली. तारीख ऑक्टोबरपासूनची मागता आली असती.

जून महिना जिममध्येच दोन पाळ्यांत ढकलला. आरसे, जिना आणि तरणी पोरं सगळं परत आलं, आणि तेवीसचे चौदा झाले. याच महिन्यात दुसरी एक चूक वर आली. तेवीसमधले सात जण माझ्याच जिमचे सकाळचे सभासद होते. जिमची मासिक फी पंधराशे, मैदानाची हजार. त्यांनी स्वस्त दार निवडलं होतं. म्हणजे मी माझंच गिऱ्हाईक पाचशे रुपये कमी घेऊन इकडून तिकडे नेलं होतं! आता जिमच्या सभासदाला वर चारशे भरून दोन्हीकडे येता येतं. नुसतं मैदान हजार. हा दर पहिल्याच दिवशी ठरवायचा असतो, नंतर बदलताना तोंड लपवावं लागतं.

पावसाळ्याचं उत्तर एका सभासद ताईंनी दिलं. त्यांच्या दिरांचं मंगल कार्यालय आहे. "आषाढी झाली की चार महिने ओस पडतं," त्या म्हणाल्या. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, हॉल रिकामा, पंखे आहेत, स्वच्छतागृह आहे, गाड्या लावायला जागा आहे. हे मला का सुचलं नाही? 6 जुलैला आषाढी एकादशी झाली आणि 7 जुलैला आम्ही हॉलमध्ये. महिना आठ हजार, सकाळी दीड तास. चौदा जणांचे चौदा हजार, त्यातले आठ हॉलला, सहा ट्रेनरला, मला शून्य. तरी बॅच जिवंत राहिली. तुम्ही हे करणार असाल तर एक सांगते: कार्यालयाची फरशी गुळगुळीत असते आणि ओले बूट तिच्यावर साबणासारखे घसरतात. हॉलचे बूट वेगळे, पिशवीतून आणायचे. आणि श्रावणात निम्म्यांचे उपवास असतात, सोमवारी उड्या मारायला लावू नका.

4 ऑगस्टला पहिली परवानगी संपली होती. नूतनीकरणाचा अर्ज 22 सप्टेंबरला दिला, घटस्थापनेच्या दिवशी. जुना आवक क्रमांक, जुनं पत्र, चलनाची प्रत आणि सोबत एक नवा कागद: नानांसह एकोणीस ज्येष्ठांच्या सह्यांचं पत्र, की या वर्गाला आमची हरकत नाही. मी मागितलं नव्हतं. नानांनी स्वतः हाताने लिहून आणलं, मोडी वळणाच्या अक्षरात, "सदर भगिनी" अशी सुरुवात करून. या वेळी सोळा दिवस लागले.

योगायोगाने त्याच 22 सप्टेंबरपासून जिमसारख्या सेवांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. मी तेव्हा नोंदणीत नव्हतेच. जिमची वार्षिक उलाढाल साडेअठरा लाख, सेवांसाठी मर्यादा वीस लाख. पण मैदानाची फी त्याच पॅनवर जमा होते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सीएने बेरीज करून दाखवली: हिवाळा चांगला गेला तर मार्चच्या आत वीस ओलांडशील. नोव्हेंबरमध्ये नोंदणी केली. दर पाच टक्के, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. फी हजारची हजारच ठेवली आणि कर त्यातून भरते.

13 ऑक्टोबरला परत मैदानावर. दिवाळीचा आठवडा सुट्टी. त्यानंतर गर्दी वाढली, नोव्हेंबरअखेर एकतीस. चोवीस हजारवाले, सात चारशेवाले, 26,800 जमा. भाडं 3,540, ट्रेनर सहा हजार, किरकोळ आठशे. करापूर्वी साडेसोळा हजारांच्या आत-बाहेर उरतात. मे पासूनचा एकूण हिशोब अजून वजा बाजूलाच आहे.

थंडीत नवा प्रश्न अंधाराचा. जूनमध्ये सहाला उजाडतं, डिसेंबरअखेर सूर्य सातनंतर वर येतो. बॅच सव्वासहाला सरकवली तरी पहिला अर्धा तास काळोख. मैदानाचा मोठा दिवा आहे, पण त्याचा टायमर बरोबर सहाला बंद व्हायचा. विद्युत विभागाला अर्ज, पुन्हा दोन प्रती, पुन्हा शिक्का. नऊ दिवसांनी तो पावणेसातपर्यंत चालू राहायला लागला. चालणाऱ्या आजोबांनाही तो हवाच होता, त्यांनी कधी मागितला नव्हता इतकंच.

आणि एक सावधगिरी. दुसऱ्या परवानगीची मुदत 12 जानेवारी. महापालिकेच्या निवडणुका कधीही लागतील असं नोव्हेंबरपासून बोललं जात होतं, म्हणून अर्ज 1 डिसेंबरलाच देऊन ठेवला आणि पाठपुरावा करून 11 तारखेला पत्र घेतलं, 12 एप्रिलपर्यंतचं. 15 डिसेंबरला निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. माझ्यासोबत रांगेत असलेल्या एका फुटबॉल कोचचा कागद निकालानंतरवर गेला.

परवा मंगल कार्यालयात गेले होते, यंदाच्या पावसाळ्याचं आताच बोलून ठेवावं म्हणून. तिथल्या मॅनेजर काकांनी भिंतीवरचं पंचांग काढून टेबलावर पसरलं, चष्मा लावला आणि बोट फिरवत म्हणाले, "ताई, यंदा ज्येष्ठ अधिक आहे. 17 मे ते 15 जून लग्नं नाहीत, हॉल तुमचा. पण आषाढी गेली 25 जुलैवर. मधले चाळीस दिवस मी देऊ शकत नाही, लोक मुहूर्त धरून बसलेत." म्हणजे 16 जून ते 25 जुलै, भर पावसाचे सहा आठवडे, आमच्या डोक्यावर छप्पर नाही. उद्या मैदानाशेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायचं आहे. वर्ग सुरू व्हायच्या आधी सकाळी त्यांचा व्हरांडा रिकामा असतो. अर्जाच्या दोन प्रती काढून ठेवल्या आहेत.